कॅलमच्या बदल्यात गोलकीपर

३ जानेवारी, शनिवार

उणे एकतीस. वारा वायव्येकडचा, गाल सोलून काढणारा. गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या वायरला जोडून ठेवलं होतं, तरी सकाळी कुरकुरलंच.

आणि एवढ्या थंडीत आइस हॉकीच्या रिंकवर जाऊन बघितलं काय, तर आमचा गोलकीपर. आमच्या पोरांनी पाच गोल केले, पाच! तरी हरलो. शेवटचा गोल तर असा की पक, म्हणजे ती रबरी चकती, लाजत लाजत, घरंगळत आला आणि ह्याच्या पायांमधून आत गेला. मी जे काही ओरडले ते म्हणे रिंकच्या पलीकडच्या बाजूलाही ऐकू गेलं. हॅरल्ड सांगत होता. माझा नवरा नेस्टर गेल्यापासून त्याच्या खुर्चीवर हॅरल्ड बसतो, आणि मी काय काय ओरडले ते मला नंतर सांगतो. असू दे. जन्मभर शाळेची बस चालवली, आवाज कमावलेला आहे.

कॅलमने दोन गोल केले. घरी येऊन गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून स्वयंपाकघरात बसला. कालचे उरलेले पिरोगी, बटाट्याच्या त्या उकडलेल्या करंज्या, लोण्यात परतून दिले, ते सगळे संपवले. आमच्या बॅजर्स टीमची पोरं सोळा ते वीस वयाची, लांबलांबच्या गावांहून येतात आणि इथे केल्बर्नमधल्या लोकांच्या घरांत राहतात. कॅलम आला तो पार डोंगरांपलीकडून, माझ्या तळघरातल्या खोलीत, रसेलच्या जुन्या पलंगावर. हा त्याचा तिसरा हिवाळा. यंदा कॅप्टन आहे.

म्हटलं, "तू मेहनत करायची आणि त्या ठोंब्याने पाणी ओतायचं."

"मिसेस पी, सोडा ना त्याला. आधीच रडत होता बिचारा कपडे बदलताना."

असं पोरगं आहे.

४ जानेवारी, रविवार

रसेल जेवायला आला. माझा मुलगा बॅजर्सचा जनरल मॅनेजर आहे. म्हणजे कुठला खेळाडू ठेवायचा, कुठला द्यायचा, कुठला आणायचा, ते तो ठरवतो. आईला मात्र कधी काही सांगत नाही.

सूप वाढता वाढताच मी सुरुवात केली. "गोलकीपर आण. यंदा कप जिंकायची टीम आहे आपली, आणि जाळ्यात उभं कोण आहे? दार उघडं टाकून झोपलेला माणूस."

"आई, गोलकीपर काही दुकानात मिळत नाही. दुसऱ्या टीमकडून घ्यायचा तर त्यांना काहीतरी द्यावं लागतं."

"मग दे! सगळं मांडीखाली घेऊन बसलास तर काय मिळणार?"

कॅलम ताटात बघत राहिला. रसेल कॅलमकडे बघत राहिला. मग दोघांनीही चमचे खाली ठेवले. बीटचं सूप आज जरा आंबट झालं होतं खरं.

८ जानेवारी, गुरुवार

उभ्यानेच लिहितेय, अक्षर वाईट येईल.

सकाळी कॅलम पॅनकेक खात होता. फोन वाजला. "हो सर," म्हणाला. मग पुन्हा "हो सर." रसेलशी बोलताना तो सर म्हणतो, माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा. फोन ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मिसेस पी, मी ॲश्बीला चाललो. ट्रेड झालाय."

"कशाच्या बदल्यात?" मी विचारलं. हे मी विचारलं. पोराच्या पाठीवर हात नाही ठेवला, काही नाही. "कशाच्या बदल्यात?"

"मातूश ह्लादिक. गोलकीपर."

ह्लादिक! तो स्लोव्हाक मुलगा, लीगमधला सगळ्यात चांगला. नोव्हेंबरात त्याने आमच्या पोरांना रडवलं होतं. खरं लिहिते, दुसरं कोणी वाचणार नाही: माझ्या छातीत एकदम दिवा लागला. क्षणभरच. मग समोर बघितलं तर कॅलम, हातात काटा, हनुवटीला सिरप.

पोराने बॅगा भरल्या त्या किती पटापट. खाली फोनवर बोलत होता, हसण्याचा आवाज येत होता. रडू दाबायला माणूस असंच हसतो. मी सँडविच बांधून दिले. दारात त्याने मला उचलूनच घेतलं, पाय जमिनीवरून सुटले माझे. मग टीमची गाडी आली आणि विमानतळाकडे गेली.

दुपारी रसेल आला. बुटांसकट दारातच उभा.

मी म्हटलं, "इथे बसून जेवतोस, आणि माझ्याच टेबलावरून पोरगं उचलून नेतोस?"

"आई, तूच म्हणालीस, दे."

"मी गोलकीपर आण म्हटलं! पोरगं दे नाही म्हटलं! मला आधी सांगता आलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर अख्ख्या गावाला कळलं असतं."

"साफ खोटं. फक्त लॉर्नाला सांगितलं असतं."

लॉर्नाचं केस कापायचं दुकान आहे, म्हणून तो हसला. हसला त्याचाच मला राग आला. म्हटलं, "आपल्या माणसाला असं पाठवून देतं का कोणी?"

तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हणाला, "मला इथून ट्रेड केलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मी तुला रिंकवरून फोन केला. तू म्हणालीस, 'टीमचं भलं बघायचं असतं रे, रसेल.' आणि मग आज जेवायला काय आहे ते सांगितलंस."

मला आठवत नाही. म्हणाले असेनही. त्यात चुकीचं काय आहे? टीमचं भलं बघायचंच असतं. ते जुनं आता कशाला काढायचं? दार उघडं होतं, सगळी थंडी आत येत होती. दार लाव म्हटलं, तर बाहेरून लावून गेला.

१० जानेवारी, शनिवार

गावात दुसरा विषय नाही. कॉफीच्या दुकानात मी शिरले तशी बडबड बंद झाली. एकाने रसेलच्या गाडीच्या काचेवरच्या बर्फात बोटाने "गद्दार" लिहून ठेवलंय म्हणे. हॅरल्ड तर कहरच. म्हणाला, पुढच्या वर्षीचं तिकीट मी घेणार नाही, तुझ्या मुलाला डोकं नाही, पोटात खेळाडूंबद्दल माया नाही.

मी त्याला म्हटलं, "माझ्या मुलाला शिव्या द्यायच्या असतील तर त्या मी देईन. तुला बोलायचं काम नाही."

"अगं व्हेरा, परवा फोनवर तूच त्याला दगड म्हणालीस."

"मी म्हणू शकते."

नवा गोलकीपर पहिल्यांदा खेळला. मी ठरवून गेले होते की टाळी वाजवायची नाही. हात मांडीखाली दाबून बसले. दुसऱ्या भागात तीन जण मिळून एकट्या त्याच्यावर चालून आले आणि हा आडवा पडला, एक पाय छताकडे, आणि पक हातमोज्यात. मी उभी होते. कधी उठले कळलंच नाही. तीन-शून्य. एकही गोल खाल्ला नाही त्याने.

घरी आल्यावर फार वाईट वाटलं. जिंकलो म्हणून वाईट वाटण्याची ही पहिलीच वेळ.

१४ जानेवारी, बुधवार

सवयीने दुधाचा मोठा कॅन आणला. एकटीला किती दूध लागतं? शेजारी नेऊन दिलं.

रसेलचा फोन. सहा दिवसांत पहिला. नव्या पोराला ज्या घरात ठेवलंय तिथे मांजरं आहेत आणि पोराला मांजरांचं वावडं आहे. डोळे सुजून भोपळे झालेत. गोलकीपरला डोळे तरी नकोत का? दुसरं कोणी घर द्यायला तयार नाही, लोक चिडलेत.

"आई, तुझी खोली रिकामी आहे."

"माझं घर म्हणजे धर्मशाळा आहे का? एक गेला की दुसरा?"

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी, शनिवार

लॉर्नाकडे केस कापायला गेले तेव्हा कळलं की रसेलने त्या पोराला आपल्याच घरी सोफ्यावर झोपवलंय आणि रोज फ्रीजरमधला पिझ्झा खायला घालतोय. माझा मुलगा. पिझ्झा. उद्या सामना असलेल्या पोराला.

जाऊन घेऊन आले. रसेलला म्हटलं, "मोसम संपेपर्यंत. पुढे नाही."

उंच आहे पोरगं, दारात वाकावं लागतं. अठराचं. इंग्रजी तुटकं. डोळे अजून लाल. टेबलाशी असा बसला जसा दंतवैद्याकडे. मी कोबीच्या पानात गुंडाळलेला भात आणि मांस पुढे ठेवलं. बघितलं त्याने, आणि पहिल्यांदाच नीट तोंड उघडून म्हणाला, "होलुबकी?"

"आम्ही होलुब्त्सी म्हणतो," मी म्हटलं. माझी आई म्हणायची तसं, युक्रेनियनमध्ये.

"होलुब्त्सी," त्याने म्हणून बघितलं. मग कोबीला बोट लावून, "कपुस्ता?"

"कपुस्ता."

सात खाल्ले. कॅलमला कोबी आवडायचा नाही, काट्याने पानं बाजूला काढायचा. हे लिहिताना त्याच्याविरुद्ध काही बोलल्यासारखं वाटतंय. तसं नाही.

२५ जानेवारी, रविवार

कॅलमने फोन केला नाही, तेव्हा मीच केला. मागे केवढा गोंगाट, एका मुलीचं हसणं. "मिसेस पी! इथे मस्त चाललंय! बाबा प्रत्येक मॅचला येतात. आईसुद्धा दोनदा आली, व्हीलचेअर घेऊन!"

त्याची आई आजारी असते हे मला ठाऊक होतं. व्हीलचेअरपर्यंत आलंय हे नव्हतं. तीन हिवाळे माझ्याकडे जेवला आणि हे बोलला नाही. विचारलं, "कधीपासून रे?" तर म्हणाला, "उन्हाळ्यापासून. रसेलना सांगितलं होतं मी." मग कोणीतरी हाक मारली आणि घाईत फोन ठेवला.

मस्त चाललंय म्हणे. मला काळजी वाटू नये म्हणून म्हणतोय. ॲश्बी त्याच्या गावाला लागूनच. घरच्यांच्या इतकं जवळ राहायचं, आजारपण रोज डोळ्यांसमोर, आणि वर खेळायचं. केवढं ओझं टाकलंय रसेलने त्याच्यावर.

वर मातूश जिना चढून आला. फोनकडे बघून म्हणाला, "कॅलम?" म्हटलं, हो. तो पुन्हा खाली गेला. त्याला वाईट वाटायचं काय कारण?

१५ फेब्रुवारी, रविवार

आज ॲश्बीची टीम आली. वर्षातून एकदाच येते. मी काल दिवसभर खसखशीचा रोल भाजत होते. कॅलमला निरोप दिला होता, सामन्यानंतर घरी ये. त्याचं उत्तर आलं की बस लगेच निघणार. तरी रोल बरोबर घेऊन गेले.

दुपारचा सामना, रिंक गच्च भरलेला. लोकांनी फलक रंगवून आणले होते. कॅलम त्या निळ्या कपड्यांत बर्फावर आला आणि सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. त्याने काठी वर केली. मी रडले, हॅरल्ड रडला, हातमोज्यात नाक शिंकरलं त्याने. मग कोणीतरी वर काचेमागे बसलेल्या रसेलकडे बोट दाखवलं आणि हुर्यो सुरू झाली. "रसेल, चालता हो! रसेल, चालता हो!" मी वळून बघितलं. तो उठला नाही, खाली मान घातली नाही. लहानपणी इंजेक्शन घेताना बसायचा तसा बसून होता.

दोन-दोन झाले. जादा वेळ सुरू झाला, आता जो पहिला गोल करेल तो जिंकणार. मधल्या रेषेवर आमच्या पोराकडून पक निसटला आणि कॅलम एकटा सुटला. समोर फक्त मातूश.

हॅरल्ड माझा दंड धरून म्हणाला, "व्हेरा, आता काय?"

मला खरंच माहीत नव्हतं. कॅलम त्या चालीत काय करणार ते मला पाठ आहे, गॅरेजच्या दारावर रोज तेच करायचा, उजवीकडे झुकून डावीकडे. दाराला पोचे आहेत अजून. आणि मी ओरडले. अख्ख्या रिंकवर एका बाईचा आवाज, "मातूश, डावीकडे!"

उपयोग झाला नाही. त्याचं इंग्रजी तुटकं, आणि त्या गोंधळात कुठलीच भाषा कळली नसती त्याला. पक वरच्या कोपऱ्यात. हरलो.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या लोकांनी, आमच्या रिंकवर, आम्ही हरलो म्हणून. टोप्या फेकल्या बर्फावर. निळी पोरं कॅलमवर उड्या मारत होती आणि मातूश गुडघ्यांवर तसाच बसला होता. त्या टोप्यांतून वाट काढत तो एकटा दाराशी गेला. एक टोपी त्याच्या पाठीला लागली.

मी हॅरल्डकडे बघितलं, तर तोही टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या हातावर फटका मारला, जसा बसमधल्या पोरांना मारता येत नव्हता तसा.

मागच्या बोळात कॅलम भेटला. गालावर नवा टाका, बाकी फुललेला. रोल घेतला. "तुम्ही ओरडलात ना? मी ऐकलं," म्हणाला, आणि हसला. मला मान वर करता येईना. "बरोबर ओरडलात, मिसेस पी. आता तो तुमचा आहे." मग बसमध्ये चढता चढता म्हणाला, "रसेलना माझ्याकडून थँक यू सांगा. ते सगळं अंगावर घेतायत. मला माहितेय."

टीम हरली आणि वर शिव्या, तेच म्हणत असणार. संस्कार चांगले आहेत पोरावर.

घरी येताना मातूश गाडीत बोलला नाही. धान्याच्या कोठारापाशी आल्यावर म्हणाला, "लोक... खूश?"

"ते कॅलमसाठी खूश होते. तुझ्यावर राग नाही त्यांचा."

थोडा विचार केला त्याने. "आणि तू?"

रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर होता. लक्ष रस्त्यावर ठेवावं लागतं. पण घरी आल्यावर त्याला सांगितलं, "मी ओरडले होते. तुझं नाव घेऊन." कळलं की नाही कोण जाणे. गॅरेजमध्ये गेला आणि ते पोचे आलेलं दार बघत उभा राहिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रसेलला फोन करून कॅलमचा निरोप दिला. 

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच. का? तू केलंस काय त्याच्यासाठी?"

"काही नाही, आई. विमानाची सोय नीट करून दिली."

मला अजून काहीतरी विचारायचं होतं, काय ते नेमकं सापडेना. म्हणून म्हटलं, रविवारी जेवायला ये. जानेवारीनंतर आला नाहीस.

"मातूश असेल ना?"

"त्याचं घर आहे, असणारच."

१२ एप्रिल, रविवार. ईस्टर

बरेच दिवस लिहिलं नाही. सामने, सामने आणि धुणं.

मोसम परवा संपला. पहिली फेरी जिंकलो, तीही मातूशच्या जिवावर. दुसरीत सातव्या, शेवटच्या सामन्यात हरलो. कप नाही. पण शेवटच्या सामन्यानंतर लोक मातूशसाठी उभे राहिले, आणि त्यात सगळ्यात मोठ्याने ओरडत होता हॅरल्ड. पुढच्या वर्षीचं तिकीट त्याने मार्चमध्येच घेतलंय, मला न सांगता. क्लबच्या कमिटीने रसेलला आणखी एक वर्ष ठेवलं. जरा घासाघीस झाली म्हणे, पण ठेवलं. ॲश्बीवाले अजून खेळतायत. कॅलमचे सामने मी कॉम्प्युटरवर बघते. मातूशही शेजारी बसून बघतो आणि त्यांच्या गोलकीपरला नावं ठेवतो.

मंगळवारी तो घरी जाणार. ऑगस्टमध्ये परत येईल. इथेच येईल, ते विचारायचीही गरज पडली नाही.

आज तिघांनी मिळून जेवण केलं. पास्का, ईस्टरचा गोड पाव, भाजला होता, हॅम, तिखट बीट, रंगवलेली अंडी. जेवता जेवता मातूशने रसेलला विचारलं, "तू पण... दुसऱ्या घरी राहिला? लहान असताना?"

"राहिलो ना. पोर्ट लॅव्हिनला. दोन वर्षं."

"बाई चांगली?"

रसेल हसला. "मिसेस फोंटेन. फार चांगली. पहिला आठवडा मी काही खातच नव्हतो. खोलीतून बाहेर यायचो नाही. ती रोज सकाळी दालचिनी लावलेला टोस्ट माझ्या दाराबाहेर ठेवायची आणि निघून जायची. हाक मारायची नाही, काही विचारायची नाही. आठव्या दिवशी मी दार उघडलं तर ती तिथेच जिन्यावर बसलेली. स्वतःही टोस्ट खात होती."

मी हे कधी ऐकलं नव्हतं. नावसुद्धा नाही. दोन वर्षं माझ्या मुलाला तिने जेवायला घातलं, आणि मला तिचं नाव आज कळलं.

म्हटलं, "आहे का रे अजून ती?"

"आहे की. ऐंशी पूर्ण झाली. बोलतो ना मी तिच्याशी. नाताळला, तिच्या वाढदिवसाला. आणि यंदा जानेवारीत पण केला होता फोन."

जानेवारीत.

मी ओव्हनमधलं बघून येते म्हणून उठले. ओव्हनमध्ये काही नव्हतं. तिथेच जरा उभी राहिले. मागे दोघं अंड्यावर अंडं आपटून कोणाचं फुटतं ते बघत होते, मातूश जिंकला असावा.

परत येऊन बसले आणि म्हटलं, "तिचा नंबर दे मला."

"कशाला, आई?"

"दे म्हटलं ना. आभार मानायचेत."

रसेलने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं फोन काढून शोधेल. पण त्याने काही काढलं नाही. पेन मागितलं आणि एका दमात नंबर लिहून दिला. पाठ होता त्याला.